वडिलांचा दृष्टिकोन बदलायचा, की त्यांचा व्यायाम सुरू करायचा?

तुम्ही लिहिलेले थोडक्यात असे. वडील ६८ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्यावर सांधारोपणाची शस्त्रक्रिया झाली. एक्स-रेमध्ये सर्व काही जागच्या जागी आहे, तरीही गुडघा जेमतेम ७० अंशांपर्यंत वाकतो, कारण घरी करायला सांगितलेले व्यायाम ते करत नाहीत. विचारले की ‘करतो’ म्हणतात आणि फार मागे लागले की ‘आता या वयात काय व्हायचंय’ म्हणून विषय संपवतात. त्यांचे बोलणे कमी झाले आहे, चिडचिड वाढली आहे. तुम्ही त्यांना बरे झालेल्या रुग्णांचे व्हिडिओ दाखवलेत, सकारात्मक विचारांचे संदेश पाठवलेत, पुढे काय होईल याची भीतीही घालून पाहिलीत. माणसाचा दृष्टिकोन बदलला की वागणे आणि प्रकृती दोन्ही सुधारते असे म्हणतात, ते खरे असेल तर वडिलांचा दृष्टिकोन बदलावा कसा, असा तुमचा प्रश्न आहे. आणि हे सारे त्यांच्या नकळत करावे का, अशीही विचारणा शेवटी आहे.

मी पुनर्वसन विभागात समुपदेशनाचे काम करते. शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घ आजारानंतर ज्यांची प्रगती मध्येच अडते, असे रुग्ण फिजिओथेरपिस्ट माझ्याकडे पाठवतात, त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. मात्र तुमच्या वडिलांना मी पाहिलेले नाही. पुढे लिहिलेल्यातले काय लागू पडेल, हे त्यांना वेदना किती होतात, रात्री झोप लागते का, शस्त्रक्रियेपूर्वी त्यांचा दिवस कसा जात असे आणि घरात त्यांच्याबरोबर कोण किती वेळ असते, यावर अवलंबून राहील. दुसरे असे की, गुडघा न वाकण्याचे कारण केवळ व्यायामाचा आळस हेच आहे, हे तुम्ही गृहीत धरले आहे. सांध्याच्या आत तयार होणाऱ्या चिवट ऊतींमुळे, क्वचित जंतुसंसर्गामुळेही गुडघा आखडू शकतो आणि तो आखडलेला असल्यामुळेच व्यायाम असह्य होऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने हालचाल परत मिळवण्याच्या दृष्टीने मोलाचे मानले जातात. तेव्हा ७० अंश हा आकडा पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता या आठवड्यातच शल्यचिकित्सकांच्या कानावर घालावा. ते काम झाल्यानंतर मनाचा विचार करणे योग्य ठरेल.

माझ्या मते तुमच्यापुढचा खरा प्रश्न ‘दृष्टिकोन कसा बदलावा’ याहून बराच लहान आहे. रोज ठरावीक वेळी गुडघा वाकवण्याची कृती आणि तुमचे वडील यांच्यामध्ये नेमकी कोणती समजूत आडवी येते, एवढेच शोधायचे आहे. प्रश्न असा लहान केला की तो सुटण्याची शक्यता वाढते. हे मी का म्हणते, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

दृष्टिकोन बदलला की वर्तन आपोआप बदलते, हे ऐकताक्षणी पटते. पण प्रत्यक्षात तसे सरळ घडत नाही, हे मानसशास्त्राला फार पूर्वी कळून चुकले आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात चिनी लोकांविषयी उघड वैरभाव होता. त्या काळात रिचर्ड लापियर हे समाजशास्त्रज्ञ एका चिनी दांपत्याला बरोबर घेऊन देशभर फिरले. एकूण २५१ हॉटेले आणि खाणावळी झाल्या, आणि नकार मिळाला तो फक्त एका ठिकाणी. पुढे त्याच ठिकाणांना त्यांनी पत्राने विचारले की, तुम्ही चिनी पाहुण्यांना प्रवेश द्याल का. उत्तर पाठवणाऱ्या १२८ ठिकाणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी नकार कळवला. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीवर आक्षेप घेता येतात, कारण पत्राला उत्तर देणारा माणूस आणि दारात पाहुण्यांना सामोरा गेलेला माणूस एकच होता कशावरून? तरीही तिने उभा केलेला प्रश्न टिकून राहिला. १९६९ साली ॲलन विकर यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा लोक सांगतात ती मते आणि त्यांचे प्रत्यक्ष वागणे यांच्यातला सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) क्वचितच ०.३० च्या वर जातो असे दिसून आले.

याचा अर्थ दृष्टिकोनाला किंमत नाही असा घेण्याचे कारण नाही. मार्टिन फिशबाइन आणि आयझेक आयझेन यांनी यातली मेख दाखवून दिली, ती अशी की आपण मत विचारतो मोघम आणि त्यावरून अंदाज बांधतो एका नेमक्या कृतीचा. डेव्हिडसन आणि जॅकार्ड यांचा १९७९ सालचा अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. विवाहित स्त्रियांना संततिनियमनाविषयी सर्वसाधारण मत विचारले, आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांनी गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या की नाही याच्याशी ते ताडून पाहिले, तर सहसंबंध होता ०.०८, म्हणजे जवळजवळ नाहीच. पण ‘येत्या दोन वर्षांत मी स्वतः या गोळ्या घेणे’ याविषयीचे मत विचारले, तेव्हा तोच सहसंबंध ०.५७ निघाला. स्त्रिया त्याच, गोळ्या त्याच. फक्त प्रश्न कृतीच्या जवळ नेला होता.

तुमच्या घरी हे लावून पाहा. आरोग्य महत्त्वाचे आहे का, व्यायाम चांगला का, असे विचारले तर वडील होच म्हणतील आणि ते मनापासून म्हणतील. व्हिडिओ आणि सुविचार यांचा सारा रोख त्यांच्या या मोघम मतावर आहे, आणि ते आधीच अनुकूल असल्यामुळे तिथे कितीही भर घातली तरी गुडघा एक अंशही जास्त वाकणार नाही. ‘उद्या सकाळी नाश्त्यानंतर पलंगावर पडून टाच माझ्याकडे ओढत आणणे’ या एका गोष्टीविषयी त्यांना काय वाटते, हे बहुधा त्यांना कोणीच विचारलेले नाही.

असे विचारल्यावर काय निघते, याचे एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. तुमच्या वडिलांच्याच वयाचे एक गृहस्थ होते. मुलगा म्हणत होता, ‘बाबांची इच्छाशक्तीच संपली आहे.’ मी त्यांच्याशी इच्छाशक्तीबद्दल अवाक्षर बोलले नाही. त्यांना टाच सरकवण्याचा व्यायाम करून दाखवायला सांगितले. त्यांनी पाठीवर पडून टाच हळूहळू कमरेच्या दिशेने आणली आणि एका जागी थांबले. मी विचारले, ‘काका, इथे का थांबलात?’ ते म्हणाले, ‘इथून पुढे गेलं की दुखतं.’ ‘दुखतं तेव्हा मनात काय येतं?’ बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग हळूच म्हणाले, ‘पहिल्या आठवड्यात इथेच आतून कट्ट असा आवाज आला होता. जोड सुटला तर पुन्हा कापाकापी. मुलाला अजून किती खर्चात पाडू?’ कृत्रिम सांध्याचे धातूचे आणि प्लॅस्टिकचे भाग एकमेकांना लागून असा आवाज येणे नेहमीचे असते आणि वेदना, सूज किंवा अस्थिरता वाढलेली नसेल तर त्यात काळजीचे कारण नसते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगितले असले तरी शस्त्रक्रियेच्या धामधुमीत ते ध्यानात राहिले नव्हते. शल्यचिकित्सकांनी त्यांच्यासमोर एक्स-रे धरून सांध्याचे भाग हाडात कसे बसवलेले आहेत ते दाखवले, आणि मग फिजिओथेरपिस्टने त्यांचा गुडघा स्वतःच्या हाताने त्या आवाजाच्या पुढे नेला. आवाज आला, आणि काहीही झाले नाही. त्या दोन मिनिटांनी जे काम केले ते महिन्याभराच्या उपदेशाने झाले नव्हते.

‘या वयात काय व्हायचंय’ या वाक्यामागे निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. वरच्या उदाहरणात दुखणे म्हणजे इजा हे समीकरण होते. स्नायू आणि सांध्यांच्या दीर्घकाळच्या वेदनांबाबत व्लायन आणि लिंटन यांनी २००० साली एक मांडणी केली. दुखण्याचा अर्थ ‘काहीतरी बिघडते आहे’ असा लावला की भीती वाटते, भीतीपोटी हालचाल टाळली जाते, टाळल्याने स्नायू दुबळे होतात, मन खचते आणि दुखणे अधिकच जाणवू लागते, असे ते चक्र आहे. काही रुग्णांच्या बाबतीत भीती नसते, तर केलेल्या श्रमाचे फळ दिसत नसल्याची निराशा असते. ६५ वरून ७० अंश ही प्रगती मोजपट्टीला कळते, माणसाला कळत नाही. त्याला एवढेच दिसते की खुर्चीतून उठताना अजूनही हात टेकावे लागतात. आणि काहींच्या मनात याहून अवघड काहीतरी असते. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला मुलीने ‘बाबा, पाय उचला’ म्हणून मोजत उभे राहणे अपमानाचे वाटते, आणि व्यायाम न करणे ही स्वतःचा शब्द राखण्याची त्याच्याकडे उरलेली एकच जागा असते. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. म्हणूनच सकारात्मक विचारांचा सर्वांना सारखाच डोस मला मान्य नाही.

विचारण्याची एक साधी रीत मी नेहमी वापरते. विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारूच्या व्यसनावरच्या कामातून प्रेरणात्मक संवादाची पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रॉलनिक यांच्याबरोबर ती विकसित केली. ही रीत त्या पद्धतीत रूढ आहे. रुग्णाला विचारायचे, ‘हा व्यायाम करणे तुम्हाला ० ते १० मध्ये किती महत्त्वाचे वाटते?’ समजा ते म्हणाले ‘चार’. आपल्या तोंडावर लगेच येते, ‘चारच का? आठ का नाही?’ हे मात्र कटाक्षाने टाळायचे, कारण त्या प्रश्नाच्या उत्तरात माणूस व्यायाम न करण्याची कारणे मोजतो, आणि स्वतःच्या तोंडून मोजलेली कारणे आणखी पक्की होतात. त्याऐवजी विचारायचे, ‘चार म्हणालात, दोन का नाही म्हणालात?’ आता उत्तर द्यायचे तर त्यांना व्यायामाच्या बाजूनेच बोलावे लागते. ‘तसं नाही, निदान जिना तरी उतरता आला पाहिजे.’ हे कारण त्यांचे स्वतःचे आहे, आणि यापुढे घरात व्यायामाविषयी जे काही बोलायचे ते या जिन्याच्या भाषेत बोलायचे. यानंतर दुसरा आकडा विचारायचा, ‘आणि हे जमेल याची खात्री किती?’ महत्त्व आठ आणि खात्री दोन असेल, तर त्या माणसाला महत्त्व पटवत बसणे हा निव्वळ छळ आहे. त्याला व्यायाम सोपा करून हवा असतो. घरोघरी नेमकी इथेच गफलत होते असे मी पाहते.

आता तुमच्या प्रश्नातील दुसऱ्या गृहीतकाकडे वळते, ते म्हणजे आधी मन बदलेल आणि मग शरीर हलेल. पुष्कळदा क्रम उलटा असतो. डॅरिल बेम यांनी म्हटले आहे की, आपली मते आपल्यालाही नेहमी स्पष्ट नसतात. अशा वेळी आपण स्वतःच्या वागण्याकडे पाहून ती ठरवतो. आठवडाभर रोज पाच मिनिटे गुडघा वाकवणारा माणूस ‘मी प्रयत्न करणारा आहे’ असे हळूहळू मानू लागतो, त्यासाठी त्याला कोणी व्याख्यान द्यावे लागत नाही. नैराश्यावरील उपचारांतही याला बळकटी देणारा पुरावा आहे. ॲरन बेक यांच्या बोधात्मक उपचारपद्धतीत विचार तपासणे आणि कृती वाढवणे असे दोन्ही भाग असतात. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ते भाग सुटे करून पाहिले, तेव्हा केवळ कृती वाढवण्याचा भाग मिळालेले रुग्णही संपूर्ण उपचार मिळालेल्यांइतकेच सुधारले. विचारांवर काम करणे व्यर्थ आहे असा निष्कर्ष मी यातून काढत नाही. वर सांगितलेले गृहस्थ त्या आवाजाविषयीचा गैरसमज दूर झाल्याशिवाय हललेच नसते. पण जिथे असा ठोस अडसर सापडत नाही, तिथे मन तयार होण्याची वाट पाहत बसू नये, हे मात्र मी ठामपणे सांगेन.

कृती आधी घ्यायची तर ती किती आणि कधी, हे आधीच ठरलेले असावे लागते. ‘आजपासून नीट व्यायाम करणार’ हा संकल्प बहुधा संध्याकाळपर्यंत विरतो. १९६५ साली हॉवर्ड लेव्हेन्थल आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना धनुर्वाताची लस घेण्यास उद्युक्त करून पाहिले. अंगावर काटा आणणारी पत्रके वाचून विद्यार्थी घाबरले, लस घ्यायला हवी हे त्यांना पटलेही. पण प्रत्यक्ष लस घेतली ती सुमारे ३ टक्क्यांनी. ज्यांना पत्रकाबरोबर आरोग्य केंद्राची जागा दाखवणारा नकाशा दिला आणि आपल्या वेळापत्रकात कधी जाता येईल ते पाहायला सांगितले, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २८ टक्के झाले. म्हणजे भीती तितकीच होती, फरक पडला तो वाट ठरल्याने. पुढे पीटर गोल्विट्झर यांनी ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा स्वरूपाच्या नियोजनाचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि ऑर्बेल व शीरन यांनी २००० साली तेच सांधारोपणाच्या रुग्णांवर तपासले. बरे होण्याच्या काळात कोणते काम केव्हा आणि कुठे करायचे हे ज्यांनी आधी ठरवून ठेवले होते, त्यांनी रोजची कामे इतरांपेक्षा लवकर सुरू केली.

घरी याचे रूप अगदी साधे असावे. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी सांगितलेलीच असेल, तर ती व्यायामापूर्वी किती वेळ आधी घेतलेली चालेल हे त्यांना विचारून घ्या. गोळीचा असर उतरलेला असताना व्यायाम करायला लावणे म्हणजे नकाराला आमंत्रण आहे. मग वडिलांनीच ठरवावे की, चहाचा कप खाली ठेवला की पलंगावर पडून टाच पाच वेळा सरकवायची. पाचच. फिजिओथेरपिस्टने वीस सांगितले असतील, तर त्यांच्याशी बोलून सुरुवातीचे काही दिवस ही संख्या कमी करता येते का ते पाहा. दुखणे थोडे वाढेपर्यंत न्यायचे, तिथे मनात पाच आकडे मोजायचे आणि सोडायचे. चांगल्या दिवशी उत्साहाने पन्नास वेळा करून पुढचे तीन दिवस सुजलेला पाय धरून बसण्यापेक्षा, बऱ्या-वाईट दिवशी सारखेच पाच करणे कितीतरी हितकर असते. प्रगती अंशांत मोजू नका. खुर्चीत बसल्यावर टाच जमिनीवर किती मागे जाते, तिथे चिकटपट्टीची एक खूण करा आणि दर आठवड्याला नवी खूण करा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायला गुडघा साधारण ९० अंश आणि त्याहून थोडा अधिक वाकावा लागतो. तिथवर किती अंतर राहिले आहे, हे मग त्यांचे त्यांनाच डोळ्यांनी दिसेल.

तुमच्या बाजूने एक पथ्य आहे, आणि ते सर्वांत अवघड आहे. दबाव कमी करा. १९५९ साली लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी विद्यार्थ्यांना एक अत्यंत कंटाळवाणे काम करायला लावले आणि पुढच्या माणसाला ते मजेदार असल्याचे सांगण्यासाठी काहींना १ डॉलर, काहींना २० डॉलर दिले. नंतर विचारले असता १ डॉलर मिळालेल्यांना ते काम खरोखरच बरे वाटू लागले होते. २० डॉलरवाल्यांजवळ आपल्या खोट्या बोलण्याचे कारण तयार होते, म्हणून त्यांना मत बदलण्याची गरज पडली नाही. बाहेरचे कारण जितके मोठे, तितका आतला बदल कमी. ‘व्यायाम केला नाहीत तर मी बोलणार नाही’ या धाकाने वडील आज पाय हलवतीलही, पण तो पाय ते तुमच्यासाठी हलवतील, आणि तुम्ही कामाला बाहेर पडलात की ते कारणही तुमच्याबरोबर दाराबाहेर जाईल. शिवाय स्वातंत्र्यावर गदा येते आहे असे वाटले की माणूस ते परत मिळवण्यासाठी नेमके उलट वागतो, हे जॅक ब्रेम यांनी १९६६ सालीच मांडून ठेवले आहे. पाच वेळा की सात वेळा, सकाळी की दुपारी, पलंगावर की खुर्चीत, असे लहानसहान निर्णय त्यांच्याकडे सोपवले की हा प्रतिकार बराच निवळतो. दिवसातून एकदाच विचारा, तेही ‘केलंत का?’ असे न विचारता ‘आज गुडघा काय म्हणतोय?’ असे.

इथवरच्या बोलण्याचा मेळ असा बसतो: मोघम मतामागे न लागता कृतीला आडवी येणारी नेमकी समजूत शोधायची, ती सापडली तर शब्दांनी आणि प्रत्यक्ष अनुभवाने दूर करायची, सापडली नाही तर कृती इतकी लहान करायची की तिच्यासाठी मोठ्या मनोधैर्याची गरज पडू नये. तुमच्या प्रश्नाचा एक भाग अजून राहिला आहे. दृष्टिकोनाचा प्रकृतीवर आणि मनःस्वास्थ्यावर थेट परिणाम होतो का?

होतो, पण भाषणांतून सांगितला जातो तितका सरसकट नाही. बेका लेव्ही यांनी २००२ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका गावातील ५० वर्षांवरील ६६० लोकांची माहिती अभ्यासली. स्वतःच्या म्हातारपणाकडे अनुकूल दृष्टीने पाहणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले होते. वय, आर्थिक स्थिती आणि आधीची प्रकृती हिशेबात धरूनही फरक उरला. तुमच्या वडिलांच्या त्या वाक्यामुळे हा अभ्यास मला आठवल्याशिवाय राहिला नाही. तरीही दोन गोष्टी एकत्र आढळणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांत अंतर आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. अलिया क्रम आणि एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञांचा २००७ सालचा अभ्यास तुम्ही कदाचित ऐकला असेल. हॉटेलातील खोल्या साफ करणाऱ्या ८४ स्त्रियांपैकी काहींना ‘तुमचे काम हाच चांगला व्यायाम आहे’ असे सांगितले, आणि चार आठवड्यांनी त्यांचे वजन व रक्तदाब किंचित कमी झालेले आढळले. अभ्यास लहान आणि अल्पकाळाचा आहे. त्या स्त्रियांच्या खाण्यापिण्यात किंवा हालचालीत नकळत फरक पडला नसेलच असेही म्हणता येत नाही. मला तर तीच शक्यता अधिक वाटते, आणि ती निराशाजनक मुळीच नाही. दृष्टिकोन प्रकृतीपर्यंत पोहोचतो तो बहुधा अशा शेकडो बारीकसारीक कृतींच्या वाटेने: औषध वेळेवर घेणे, दाराशी आलेल्या माणसाशी दोन शब्द बोलणे, दुखले तरी एकदा उठून पाहणे.

सुविचारांबद्दल मात्र सावध करते. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली लोकांना स्वतःविषयीचे एक गोड वाक्य मनात घोकायला लावले. ज्यांचा आत्मसन्मान मुळातच चांगला होता त्यांना थोडे बरे वाटले. पण ज्यांना ते वाक्य ऐकण्याची सर्वाधिक गरज असेल असे आपण म्हणू, त्या आत्मसन्मान कमी असलेल्या लोकांना उलट अधिक वाईट वाटले. खचलेल्या माणसाला ‘सर्व काही उत्तम होणार’ असे वाक्य दिले की त्याचे मन पहिल्यांदा त्याविरुद्धचे पुरावे गोळा करू लागते. ते संदेश काही दिवस थांबवा. ‘काल पाच वेळा झाले, आजही पाच झाले’ हे वाक्य खरे आहे, आणि त्याला विरोध करायला मनाजवळ काही नसते.

यांपैकी कशाचाही उपयोग होणार नाही, अशा काही परिस्थिती आहेत. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस न उरणे, झोप आणि भूक बिघडणे, आपण इतरांवर ओझे आहोत किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, हे नैराश्याचे रूप आहे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. तिथे औषधांची गरज लागू शकते आणि त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेनंतर विसरभोळेपणा किंवा गोंधळ वाढला असेल, तर ‘करतो’ म्हणून न करणे हे विस्मरणही असू शकते. ऐकू कमी येत असेल तर दिलेल्या सूचना मुळात पोहोचल्याच नसतील. आणि ताप, जखमेतून स्राव किंवा पोटरीत अचानक सूज व दुखणे असेल, तर सारे समुपदेशन बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठावे.

राहता राहिला प्रश्न त्यांना न सांगता करण्याचा. तसे करू नये. घरातल्या माणसाचा डाव वडीलधाऱ्यांच्या लगेच लक्षात येतो, आणि मग आपल्याला हाताळले जाते आहे हा राग व्यायामावर निघतो. तुम्ही सरळ सांगा, ‘बाबा, मी तुमच्या फार मागे लागत होते, त्याने तुम्हाला त्रासच झाला. मी एका समुपदेशकाला विचारलं. त्या म्हणाल्या की, दुखतं तेव्हा तुमच्या मनात काय येतं हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.’ एवढे बोलून थांबा, आणि ते लगेच काही बोलले नाहीत तर ती शांतता तुम्ही भरून काढू नका. पहिल्याच दिवशी उत्तर मिळेल असे नाही. मिळाले, तर जे सांगतील ते फिजिओथेरपिस्टला त्यांच्यासमोरच सांगा, आणि गुडघ्याच्या मोजमापांबरोबर ते मला कळवलेत तर पुढचे अधिक नेमके सांगता येईल.